आपला खेळाडू परक्या संघात जातो तेव्हा

श्रोतेहो, माणसाच्या दुःखांची प्रतवारी लावायची ठरली, तर आजच्या माझ्या विषयाला त्यात अगदी तळाची जागा मिळेल. घरात आजारपण नाही, पोटापाण्याची चिंता नाही, कोणाशी भांडणतंटा नाही. आणि तरीही एखाद्या सकाळी वर्तमानपत्र उघडताच तोंडातल्या चहाची चव जावी, अशी एक बातमी असते. आपला आवडता खेळाडू आपला संघ सोडून दुसऱ्या संघात गेला, ही ती बातमी होय.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अशी बातमी आली. रवींद्र जडेजा चेन्नईकडून राजस्थानकडे गेला आणि त्याच व्यवहारात संजू सॅमसन राजस्थानकडून चेन्नईकडे आला. चेन्नईच्या संघावर बंदी होती ती दोन वर्षे वगळली, तर जडेजा २०१२ पासून त्या संघात होता. २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या असताना त्याने एक षटकार आणि एक चौकार मारून संघाला विजेतेपद मिळवून दिले होते. ते दृश्य पाहून ज्या मुलांनी पिवळी जर्सी हट्टाने मागून घेतली, त्यांच्यापुढे आता मोठा पेच पडला. जर्सीच्या पाठीवर खेळाडूचे नाव आणि छातीवर संघाचे चिन्ह! कालपर्यंत ही दोन्ही एकाच प्रेमाची दोन टोके होती. आज ती एकमेकांविरुद्ध उभी राहिली. आता टाळी वाजवायची ती पाठीसाठी की छातीसाठी?

वडीलधारी मंडळी अशा वेळी हसतात. ‘त्याला तू ठाऊक तरी आहेस का?’ असे विचारतात. प्रश्न बिनतोड आहे. पण दुःख त्याने कमी होत नाही. रसिकाचे नाते करारावर उभे नसते. संघमालकाजवळ कागद असतो, खेळाडूजवळही कागद असतो. रसिकाजवळ फक्त आठवण असते. व्यवहार ठरताना कागदवाल्यांना विचारतात, आठवणवाल्याला कोणी विचारीत नाही. म्हणून ज्याने सर्वांत जास्त जीव लावला, त्याला बातमी सर्वांत शेवटी, इतर साऱ्या जगाबरोबर कळते. त्याच्या रागाचे मूळ बहुधा येथेच आहे.

आम्हा भोपाळकरांची स्थिती तर आणखी निराळी. या फ्रँचायझींच्या स्पर्धेत मध्यप्रदेशच्या नावाचा संघच नाही. मुंबईच्या मुलाला मुंबईचा संघ जन्मतःच मिळतो. पिपलानीच्या मुलाला तो निवडावा लागतो, आणि तो निवडतो खेळाडूकडे पाहून. अशा मुलाचा खेळाडू गेला की संघावरचा त्याचा हक्कच डळमळीत होतो. इंदूरच्या आवेश खानाच्या मागे जाऊ म्हटले, तर बंगळूर, दिल्ली, लखनौ, राजस्थान आणि पुन्हा लखनौ एवढी यात्रा करावी लागते. भक्ताला इतकी पायपीट पंढरीच्या वारीतही पडत नसेल!

परंतु खेळाडू दुरावण्याचे हे दुःख लिलावाबरोबर जन्मले, असे मात्र कोणी समजू नये. या शहराने त्याचा फार कठोर प्रकार पाहिलेला आहे. भोपाळ हे हॉकीचे गाव. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताने पहिले सुवर्णपदक मिळविले. अंतिम सामन्यात इंग्रजांना त्यांच्याच भूमीवर चार गोलांनी हरविले. त्या संघात लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन हे भोपाळच्या हॉकीत नावारूपाला आलेले दोन खेळाडू होते. पुढे दोघेही पाकिस्तानात गेले. १९५६ साली मेलबर्नला भारत आणि पाकिस्तान अंतिम सामन्यात समोरासमोर आले. भारताने एका गोलाने सामना जिंकला आणि पाकिस्तानला रौप्यपदक मिळाले. ते पदक घेणाऱ्या संघात हे दोघे होते. आठ वर्षांपूर्वी भारताचे सुवर्ण ज्यांनी मिळविले, त्यांनीच आता भारताकडून हार पत्करली!

ज्यांनी त्यांना येथल्या मैदानांवर धावताना पाहिले होते, त्या प्रेक्षकांच्या मनाची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, याची नुसती कल्पना करून पाहावी. भारत जिंकला याचा आनंद होताच. पण हरलेल्यांत आपली दोन माणसे होती. येथे कोणी कोणाला विकले नव्हते, किंमत ठरविली नव्हती. देशाच्या फाळणीने घरांची, नात्यांची आणि गावांची जी उलथापालथ केली, तिच्यात मैदानेही सुटली नाहीत. या घटनेशेजारी जडेजाची बातमी ठेवली की तिचे वजन आपोआप कळते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. दुसऱ्यांचा खेळाडू आपल्याकडे येतो, तेव्हा आपण काय म्हणतो? होळकरांच्या क्रिकेट संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाचा अंतिम सामना गाठला आणि चार वेळा करंडक जिंकला. माळव्यातल्या मराठी घरांत त्या संघाचे नाव आजही अभिमानाने निघते. पण तो संघ होता कोणाचा? कर्नल सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. होळकर महाराजांनी १९२३ साली त्यांना इंदूरला आणले. चंदू सरवटे सागरचे. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी नोकरीच्या निमित्ताने महूला आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांकडून खेळला आणि त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. अस्सल इंदूरचे म्हणावेत असे मुश्ताक अली होतेच. पण बाहेरून आलेल्यांनाही इंदूरने कधी परके मानले नाही.

निंबाळकरांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला, महाराष्ट्राकडून खेळताना, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या होत्या. तो डाव ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्या पुणेकरांचे निंबाळकर पुढे होळकरांकडे गेले. इंदूरला तो लाभ वाटला. पुण्याला काय वाटले असेल, हे इंदूरने विचारले नाही. विचारणारही कोण? आपल्याकडे येतो तो ‘गुणाची कदर झाली म्हणून’, आणि आपल्याकडून जातो तो ‘पैशाला भुलला म्हणून’, हा न्याय सर्व गावच्या रसिकांचा सारखाच आहे.

शिवाय तो होळकर संघ तरी कोठे टिकला? संस्थाने गेली, राज्यांची नावे बदलली आणि १९५५ नंतर होळकर हे नाव रणजी स्पर्धेतून नाहीसे झाले. म्हणजे खेळाडू गेला म्हणून आपण हळहळतो, पण कधीकधी खेळाडू राहतात आणि संघच निघून जातो. उरते ती आठवण. आणि ती ज्याची त्याचीच असते.

खेळाडूंच्या या देवघेवीचे शास्त्रच ज्या देशाने बनविले, तो देश म्हणजे अमेरिका, आणि तो खेळ म्हणजे बेसबॉल. १९१९ च्या अखेरीस बॉस्टनच्या संघाने बेब रूथ हा आपला हिरा न्यूयॉर्कच्या संघाला विकला. त्याआधी, १९१८ साली, बॉस्टनने अजिंक्यपद मिळविले होते. त्यानंतरचे मिळाले ते २००४ साली! मधल्या ८६ वर्षांत बॉस्टनच्या तीन पिढ्या त्या विक्रीला शाप मानून बोटे मोडीत राहिल्या. रसिकाची स्मरणशक्ती किती लांब असते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

पण त्याच खेळातली दुसरी एक हकीकत मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. सेंट लुईसच्या संघाकडून बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लड या खेळाडूला १९६९ साली कळविण्यात आले की, तुझी अदलाबदल झाली. आता फिलाडेल्फियाला जा. त्याला कोणी विचारले नव्हते. संघाने एकदा घेतलेला खेळाडू संघ सोडील तेव्हाच सुटायचा, असा तेव्हाचा नियम होता. फ्लडने जाण्याचे नाकारले. आपण विकत घ्यायची आणि विकायची वस्तू नाही, असे त्याचे म्हणणे होते. तो न्यायालयात गेला, त्याने आपली भरातली वर्षे गमावली आणि १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. परंतु ठिणगी पडली होती. १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयाने करार संपलेल्या खेळाडूंना आपला संघ आपण निवडण्याची मोकळीक मिळाली.

श्रोतेहो, येथे रसिकाच्या प्रेमाची खरी परीक्षा आहे. ‘माझा खेळाडू माझ्याच संघात राहावा’ ही इच्छा गोड आहे. पण तिला नियमाचे बळ दिले की तिचीच बेडी होते. ज्या पद्धतीत खेळाडू जन्मभर एकाच गावाला बांधलेला होता, ती पद्धत प्रेक्षकाला मोठी सोयीची होती. खेळाडूला मात्र ती वेठबिगार वाटली. आपल्या सुखासाठी दुसऱ्याने बांधलेले राहावे, असे म्हणण्याचा अधिकार प्रेमाला आहे काय?

हा प्रश्न पिपलानीत तरी फार लांबून विचारायला नको. ही वसाहतच मुळी गाव सोडून आलेल्यांची. हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना येथे उभा राहिला, १९६० च्या नोव्हेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा येथील क्वार्टरांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येऊन राहिली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. कोणी विदर्भातून, कोणी माळव्यातून, कोणी थेट पुण्याकडून. प्रत्येकाच्या मागे एखादे घर रिकामे झाले असेल, एखाद्या भजनी मंडळातला टाळकरी कमी झाला असेल, गावच्या कबड्डीच्या संघातला हुकमी गडी गेला असेल. त्यांना कोणी गद्दार म्हटले नाही. ‘पोरगा नोकरीला लागला’ असे म्हणून पेढे वाटले. आज त्यांचीच नातवंडे पुण्याला, बंगळूरला नाहीतर समुद्रापलीकडे जातात, तेव्हा स्टेशनवर डोळे पुसत आपण त्यांना निरोप देतो. पण दोष देत नाही. मग चेंडूफळी हाच ज्याचा रोजगार, आणि वयाच्या पस्तिशी-चाळिशीला ज्याची सेवानिवृत्ती, त्यालाच तेवढे दूषण का द्यावे?

कोणी म्हणेल, कारखान्यातल्या कारागिरासाठी हजारो लोक टाळ्या पिटीत नाहीत. खेळाडूने आमचे प्रेम घेतले आहे, त्याची काही परतफेड नको का? या म्हणण्यात तथ्य आहे. प्रेम घेणाऱ्यावर काही ऋण चढतेच. पण ते ऋण तो कशाने फेडतो? मैदानावर जीव ओतून खेळतो, तेव्हाच ते फिटलेले असते. जडेजाचे ते दोन चेंडू हीच त्याची परतफेड होती. पुढच्या वर्षांचे व्याज मागण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

वाईट वाटावे, अवश्य वाटावे. ज्याला वाईट वाटत नाही, त्याने खेळ पाहिला पण जीव लावला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मात्र वाईट वाटणे निराळे आणि वाईट वागणे निराळे. २०२३ च्या अखेरीस हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईच्या संघात परत आला आणि रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार करण्यात आले. २०२४ च्या उन्हाळ्यात वानखेडे मैदानावर मुंबईच्याच प्रेक्षकांनी आपल्या कर्णधाराची हुर्यो उडविली. निर्णय संघमालकांचा; शिव्या मात्र खेळाडूच्या वाट्याला! त्याच वर्षी २९ जून रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक पंड्याने टाकले आणि भारत जिंकला. चार जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. त्या तीन महिन्यांत पंड्या बदलला नव्हता. प्रेक्षक बदलला होता. मग चंचल कोणाला म्हणायचे?

याउलट एक उदाहरण आपल्या घरचे आहे. मुंबईचे यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित कारकीर्दीच्या उत्तरार्धात मध्यप्रदेशकडून खेळले. १९९९ साली त्यांच्या नेतृत्वाखाली मध्यप्रदेशचा संघ रणजीचा अंतिम सामना बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध खेळला आणि हरला. तेवीस वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, त्याच मैदानावर मध्यप्रदेशने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. समोर होती मुंबई, आणि मध्यप्रदेशचे प्रशिक्षक होते पंडित! मुंबईकर म्हणतील, आमच्या माणसाने आम्हाला हरविले. आम्ही म्हणतो, आमच्या माणसाने आम्हाला जिंकून दिले. दोन्ही वाक्ये खरी आहेत. भोपाळच्या मराठी माणसाला तर ती दोन्ही एकाच वेळी मनात म्हणता आली असतील. भाषा मुंबईची, भाकरी मध्यप्रदेशची. अशा माणसाला ‘आपला’ हा शब्द थोडा रुंद करूनच वापरावा लागतो. ही त्याची अडचण नव्हे, ते त्याचे भाग्य आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी पिवळी जर्सी आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, ती जाळू नका, बोहारणीलाही देऊ नका. घडी घालून कपाटात ठेवा. आपला जुना खेळाडू आपल्याच संघाविरुद्ध उभा राहील, तेव्हा जिंकावे आपल्या संघाने, अशी इच्छा खुशाल धरा. पण त्याने एखादा नेत्रदीपक झेल घेतला, तर हात आखडू नका. टाळी वाजवून टाका. ज्या संघाने त्याला घेतले, त्याला त्याचे यापुढचे दिवस मिळाले आहेत. मागचे दिवस आपले आहेत, आणि त्यांची अदलाबदल कोणत्याही संघमालकाला करता येत नाही.