श्रद्धेला नियमाची जोड



अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या या नेर परसोपंत नगरीत भरलेल्या परिषदेला गावोगावहून आलेले शेतकरी, पशुपालक, ग्रामसभांचे सदस्य आणि अभ्यासक, आपणा सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मी स्वागत करतो.

हा कापूस, तूर, सोयाबीनचा मुलूख. इथला शेतकरी काळ्या मातीला आई म्हणतो, शेतात पाच दगड मांडून पांडव पुजतो. तोच शेतकरी हातभर जमिनीसाठी शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, कोरतो आणि पहिल्या मोठ्या पावसात दोघांचीही माती नाल्याला लागते. श्रद्धा खोटी नाही. पण ती आपल्या वावरापुरती राहिली की धुऱ्याला वाली उरत नाही.

गावच्या ई-क्लास, म्हणजे सामाईक वापराच्या सरकारी जमिनीचेही तेच. गुराख्याला ती चराई वाटते, भूमिहीनाला पोटापुरता तुकडा, तलाठ्याला सरकारी नोंद, आणि मरीमायला नवस बोलणाऱ्या बाईला देवीची जागा. चौघांनाही न विचारता तिथे समतल चर खोदले, रोपे लावली, तर ती राखणार कोण?

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या धाकाने तिथे कुऱ्हाड थांबली, हे खरेच. पण धाकामागे गावाने पाळलेला नियमही होता. जिथे तो सैल झाला, तिथे देव राहिला आणि झाडे गेली.

आपल्या विदर्भातच मेंढा-लेखा आहे. गडचिरोलीतल्या या गोंड गावाला २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षे हे गाव अभ्यासगटात बसून प्रश्न समजून घेत होते आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेत होते. जंगलाविषयीची आपुलकी त्या बैठकांतून नियमात उतरली; कायद्याने नंतर त्यावर शिक्का मारला.

म्हणून आज बोलण्याचा क्रम आम्ही मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी गुराखी, शेतकरी आणि मजूर भगिनी बोलतील. अधिकारी आणि अभ्यासक नंतर. ठराव एकच झाला तरी चालेल, पण तो राखायची जबाबदारी कोणत्या गावाने घेतली, हे त्यात लिहिलेले असावे, एवढीच यजमान म्हणून आमची विनंती.