पालीचा पाय घट्ट कसा राहील?

दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या काही घरांत आता काचेच्या पेटीत पाळीव पाल दिसते. बहुधा क्रेस्टेड गेको. ती काचेवर सरसर चढते, ती चिकट द्रवामुळे नव्हे, तर पायांवरच्या केसांमुळे. टोके या मोठ्या पालीच्या एकेका पायाला सुमारे 5 लाख सूक्ष्म केस असतात, आणि प्रत्येकाची टोकं शेकडो फाट्यांत विभागलेली. ती पृष्ठभागाला इतकी भिडतात की रेणूंमधलं आकर्षणच पाय धरून ठेवतं.

कात टाकली की हे केसही नवे येतात. अडचण इथंच होते. दिल्लीत मे महिन्यातली लू आणि हिवाळ्यातला हीटर हवा पार कोरडी करतात. मग बोटाभोवती जुन्या कातेचं पांढुरकं कडं अडकतं, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळूही शकतं. म्हणून रोज संध्याकाळी पेटीत पाणी फवारा, एका कोपऱ्यात ओलं शेवाळ ठेवा. कात अडकलीच तर पाय कोमट, उथळ पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि ओल्या कापसाच्या बोळ्यानं अलगद सोडवा. ओढू नका.

पालीला खायला द्यायच्या किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवा. ते कमी पडलं तर हाडं वाकतात, पकड सुटते. पेटी 22 ते 26 अंशांत राहू द्या.

आणि हो, टोके पाल मात्र पाळू नका. 1972च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण आहे.