बत्तीस हजारांची डबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषणे करणारी नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे सारे धडे स्वयंपाकघरात. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हीही दहा मिनिटे बोला," तेव्हा मी घाबरलेच. मग विचार केला, बचतीवर आणि मुलांच्या संगोपनावर बोलणाऱ्या येथे पुष्कळ आहेत. आपण आपल्या घरात चार वर्षे नांदणाऱ्या आणि आपल्यालाच नांदवून घेणाऱ्या एका वस्तूविषयी बोलावे. ती वस्तू म्हणजे गाणी ऐकण्याची डबी. तिला प्लेअर म्हणतात.

आमच्या थोरल्याने पहिल्या बोनसातून ती माझ्यासाठी आणली. पत्त्यांच्या कॅटाएवढी, पण हाताला जड. किंमत ३२,००० रुपये! आकडा ऐकून आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "गाणी फोनवर फुकट लागतात, मग ही कशाला?" तुमच्याही मनात तेच आले असेल.

मुलाने मला समजावले ते असे. एमपी-थ्री नावाच्या पद्धतीत माणसाच्या कानाला सहसा जाणवत नाही तेवढा आवाज गाळून टाकतात, म्हणजे गाणे थोड्या जागेत मावते. पीठ चाळून कोंडा टाकला की तो परत पिठात येत नाही, तसेच ते. या डबीत फ्लॅक नावाची पद्धत चालते. तिच्यात काही टाकत नाहीत, नुसती घडी घालतात. लुगडे उलगडावे तसे गाणे पुन्हा पुरते बाहेर येते. पाच मिनिटांचे गाणे चाळून घेतले तर साधारण ५ एमबी, घडी घालून ठेवले तर २५-३० एमबी. आपण मिरजकर. अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले, आपल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा आवाजातला फरक आपल्याला कळायलाच हवा. आणि खरे सांगते, कळला. पहिल्या रात्री कानांना लावून तंबोरा ऐकला, तर खर्जाच्या तारेची आस विरेपर्यंत ऐकू आली. डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक तिंबताना गाणे बदलावयाचे होते. डबीला बटण एकच, बाकी सारी काच. ही काच बोटाच्या त्वचेतली वीज ओळखते म्हणे. पिठाचे बोट ओळखीना, ओले बोट लावले तर भलतेच काही सुरू करी. मी कोपराने प्रयत्न केला. सासरे दारात उभे राहून पाहत होते, काही बोलले नाहीत.

गाण्यांच्या नावांचा घोळ निराळाच. मराठीत लिहिलेल्या नावांच्या जागी चौकोनी डबे दिसत. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने यादी, आणि ज्याच्यावर गाणाऱ्याचे नाव नाही तो गेला 'अनोळखी गायक' या सदरात. तेथे भजनी मंडळ, भाच्याच्या मुंजीतली सनई आणि आमच्या सासूबाई, सगळे एका पंगतीला.

सर्वांत मोठी अडचण मात्र कानांची. या डबीला स्वतःचा आवाज नाही. कानांत बोंडे घालावी तेव्हा गाणे. घातली की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, दारावरची भाजीवाली निघून जाते. पूर्वी रेडिओ लागला की साऱ्या वाड्याला गाणे मिळे. आता मी एकटीच मान डोलावते, आणि घरचे समजतात हिला काही झाले आहे!

गंमत सोडून देऊ. तिसरे वर्ष लागले आणि डबी दोन तासांत मान टाकू लागली. मग एके दिवशी तिची काच एका बाजूने वर आली. बॅटरी फुगली होती. लिथियमची बॅटरी काहीशे वेळा पुरती भरली-उतरली की तिचा जोर कमी होतो, उन्हाने आणि उष्णतेने आणखी लवकर. ती झिजणारच. पण मग ती बदलता तरी यावी ना? डबी सगळी गोंदाने बंद केलेली. कंपनीला विचारले, तर उत्तर आले की या नमुन्याची बॅटरी आता येत नाही, नवा प्लेअर घ्या, थोडी सूट देऊ.

त्याचे कारण मुलाने सांगितले. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला, २००१ साली ॲपलचा आयपॉड. हजार गाणी खिशात मावू लागली. पुढे फोनातच गाणी आली आणि २०२२ साली आयपॉड बनवणेही थांबले. आता अशा महागड्या डब्या शौकिनांसाठी थोड्याच निघतात, आणि दोन वर्षांत नमुना बदलतो. आपल्या सतारमेकर गल्लीत आजोबांच्या वेळचा तंबोरा न्या. भोपळ्याची चीर सांधून, जवारी काढून देतात. तीन वर्षांच्या डबीला मात्र वैद्य नाही.

३२,००० रुपयांचे दुःख मी गिळले असते. पण त्या 'अनोळखी गायका'त सासूबाई होत्या. त्या २०१९ साली गेल्या. जात्यावरच्या त्यांच्या अकरा ओव्या धाकट्या दिरांनी कधीकाळी कॅसेटवर घेतल्या होत्या. मुलाने त्या डबीत उतरवल्या, त्यानंतर कॅसेटची फीत तुटली आणि त्याचा संगणकही बिघडला. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या. पण अशी माणसे प्रत्येकीच्या दाराशी कशी येणार? आमच्या ओव्या त्या डबीतच होत्या, आणि बॅटरीवाचून डबी चालूच होईना. सासरे रोज विचारीत, "झाली का नीट?"

शेवटी मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा भेटला. त्याने आधी बजावले, फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, पेट घेते. मग गरम हवेने गोंद सैल करून काच उचलली आणि आकाराला व व्होल्टला जुळणारी दुसऱ्या यंत्राची बॅटरी बसवली. ९०० रुपये घेतले. काच आता थोडी तिरकी बसते. सासऱ्यांनी त्या दिवशी बोंडे कानांत घालून अकराही ओव्या ऐकल्या आणि जेवायला उशिरा आले.

त्या ओव्या आता तीन ठिकाणी उतरवून ठेवल्या आहेत. पुढच्या मंगळवारी मुलगा रजेवर येतो आहे. ज्यांच्या घरी आई-आजीच्या आवाजाच्या कॅसेटी असतील त्यांनी मंडळात घेऊन याव्या, तो उतरवून देईल. फीत गुंतली असेल तर ओढू नका, तशीच आणा. आणि मंडळाचा जुना टेपरेकॉर्डर कपाटावर आहे, तो कोणीतरी आदल्या दिवशी पुसून ठेवा. तो भिंतीच्या प्लगवर चालतो.