मोटारींतील लहान पंप

आजच्या भाषणाचा विषय 'पेट्रोलचा पंप' आहे असें ऐकतांच आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें रस्त्याच्या कडेचें तें ठिकाण आलें असेल, जेथें आपण गाडी उभी करितों, पैसे मोजतों आणि भाव वाढल्याबद्दल हळहळत पुढें जातों. मला बोलावयाचें आहे तें त्या मोठ्या पंपाविषयीं नव्हे. जुन्या मोटारीच्या बॉनेटखालीं, इंजिनाच्या कुशीला चिकटलेला, मुठीएवढा एक दुसरा पंप असतो. तो चालत आहे तोंवर त्याचें नांवहि मालकाच्या तोंडीं येत नाहीं. हा लहान पंप थकला म्हणजे काय होतें, तो कसा ओळखावा आणि कसा बदलावा, हें मी एका उन्हाळ्यांत स्वतःच्या फजितीनें शिकलों. तीच हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

माझी मोटार 'प्रीमियर पद्मिनी' आहे. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' या नांवानें जी गाडी तयार होऊं लागली, तिलाच १९७४ मध्यें 'पद्मिनी' हें नांव मिळालें. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती मुंबईकरांच्या तीन पिढ्यांच्या परिचयाची झाली. या जातीची शेवटची टॅक्सी मुंबईंत २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली आणि टॅक्सीस असलेली वीस वर्षांची मर्यादा संपतांच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, तीहि रस्त्यावरून उतरली. खासगी गाडीची गोष्ट वेगळी. पंधरा वर्षांनंतर ती तपासणीस नेऊन तिची नोंदणी पांच पांच वर्षांनीं पुढें चालवितां येते. माझी गाडी अशीच चालली आहे. तिची किंमत आतां बाजारांत फारशी येणार नाहीं. पण घरांतील दोन लग्नांच्या वराती तिच्यांतून निघाल्या, आणि वडिलांना शेवटीं इस्पितळांतून घरीं आणलें तेंहि तिच्यांतूनच.

आतां या पंपाचें काम काय तें पाहूं. मोटारीच्या आरंभींच्या काळांत कित्येक गाड्यांना पंप नव्हताच. फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी १९०८ ते १९२७ पर्यंत निघत होती. तींत टाकी बैठकीखालीं असे आणि पेट्रोल आपल्या वजनानेंच इंजिनाकडे उतरे. त्यामुळें टाकींत पेट्रोल थोडें असलें आणि चढ उभा लागला कीं गाडीचें नाक टाकीच्या वर जाई व पुरवठा थांबे. मग चालक गाडी वळवून उलटी चढवीत असत! पुढें टाकी मागें व खालीं गेली, आणि तेथून पेट्रोल ओढून आणणारा कोणी तरी हवा होता. तो हा पंप.

त्याची रचना अगदीं साधी आहे. आपल्यासमोर चित्र नाहीं, केवळ माझा आवाज आहे. तेव्हां क्षणभर कल्पना करा. एक लहान धातूची डबी आहे. तिच्या मध्यें रबर चढविलेल्या कापडाचा एक पडदा ताणून बसविलेला आहे. वरच्या भागांत दोन झडपा आहेत. एक पेट्रोल आंत घेणारी व दुसरी बाहेर सोडणारी. पडद्याखालीं एक स्प्रिंग व एक तरफ आहे. इंजिनांतील कॅमशाफ्ट नांवाच्या दांड्यावर एक उंचवटा असतो. दांडा फिरला कीं उंचवटा तरफेला ढकलतो, तरफ पडद्याला खालीं ओढते आणि पेट्रोल आंत शोषलें जातें. उंचवटा सरकला कीं स्प्रिंग पडद्याला वर लोटते आणि तें पेट्रोल कार्बुरेटरकडे जातें. कार्बुरेटर भरला म्हणजे त्याची सुई वाट बंद करिते. मग पडदा खालींच थांबतो आणि तरफ नुसती हलत राहते. जेवढें हवें तेवढेंच द्यावें, मागितल्यावांचून देऊं नये, असा या यंत्राचा शहाणपणा आहे.

त्याच्या श्रमांची कल्पना एका हिशोबानें येईल. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीनें फिरतो. इंजिनानें मिनिटास तीन हजार फेरे केले, तर तरफेला मिनिटास दीड हजार व तासास नव्वद हजार धक्के बसतात. असे धक्के वर्षानुवर्षें सोसणारा भाग कोणता, तर एक पातळ रबरी पडदा.

त्या वर्षीं मे महिन्यांत आम्ही मुंबईहून पुण्यास निघालों. गाडींत माझी पत्नी व सहा वर्षांचा नातू होता. बोरघाटाच्या चढणीवर गाडीनें दोन-तीन आंचके दिले आणि ती उभी राहिली. जुन्या चालकांचा एक उपाय मला ठाऊक होता. उन्हानें व इंजिनाच्या आंचेनें नळींतच पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफच चघळीत बसतो आणि पुढें कांहींच जात नाहीं. अशा वेळीं पंपावर ओलें फडकें ठेवावें. मीं तें केलें. अर्ध्या घटकेनें गाडी सुरू झाली आणि माझ्या ज्ञानाचा मला मोठा अभिमान वाटला.

घाट ओलांडल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, मघांपासून पेट्रोलचा वास येतो आहे." मीं उत्तर दिलें, "जुनी गाडी आहे, वास यायचाच." पुढचे तीन आठवडे ती हेंच म्हणत होती आणि मीहि हेंच उत्तर देत होतों. पाण्याची बाटली व फडकें आतां गाडींत कायमचेंच झालें होतें. एक गोष्ट तर मी मित्रांना कौतुकानें सांगत असें. पूर्वीं इंजिनांत मधून मधून तेल घालावें लागे. आतां महिनाभर तें मुळींच कमी झालें नव्हतें. गाडी म्हातारपणीं सुधारली, असें मी म्हणत असें.

शेवटीं एके दिवशीं घराच्या रस्त्यावरच ती बंद पडली आणि मीं आमच्या मिस्त्रींना बोलाविलें. त्यांनीं पंपाकडे पाहिलेंहि नाहीं. आधीं तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढली, नाकाशीं नेली आणि मुकाट्यानें माझ्या हातांत दिली. तेल खुणेच्या वर आलें होतें, पाण्यासारखें पातळ झालें होतें आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता.

"साहेब," ते म्हणाले, "फडक्यानें ताप उतरतो, दुखणें जात नाहीं. पडदा फाटला आहे. निम्मं पेट्रोल कार्बुरेटरला जातंय आणि निम्मं तेलांत."

तेल कमी कां होत नव्हतें, याचा उलगडा तेव्हां झाला. पेट्रोल मिसळलेलें तेल वंगणाचें काम करीत नाहीं. अशी गाडी आणखी कांहीं दिवस पिटाळली असती, तर इंजिनाची बेअरिंगें गेलीं असतीं. परंतु मला खरोखर कांपरें भरलें तें निराळ्याच गोष्टीनें. पंपाच्या अंगाला एक बारीक भोंक असतें, पडदा फाटल्याची सूचना मिळावी म्हणून ठेवलेलें. तेथून पेट्रोल थेंबथेंब गळून इंजिनावर ओघळलें होतें, आणि तापलेल्या इंजिनापाशीं पेट्रोल गळणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. माझ्या मागच्या बैठकीवर नातू झोंपत असे.

तरीहि मिस्त्रींनीं घाई केली नाहीं, आणि हा त्यांचा गुण सर्वांनीं घेण्याजोगा आहे. एक दोष सांपडला म्हणून दुसरा नसेल असें नाहीं. त्यांनीं टाकीचें झांकण उघडून तिला हवा घेण्याची वाट मोकळी आहे कीं नाहीं तें पाहिलें. ही वाट बुजली तर धडधाकट पंपहि पेट्रोल ओढूं शकत नाहीं. मग गाळणी पाहिली. मग टाकीपासून येणाऱ्या रबरी नळीस तडा आहे काय तें पाहिलें. तेथून पंप पेट्रोलऐवजीं हवा शोषतो. शेवटीं इंजिन थंड असतां, ठिणगीची तार काढून ठेवून, पंपापुढची नळी बाटलींत सोडली व स्टार्टर फिरविला. धडका पंप अशा वेळीं ठोके देत जोरदार धार सोडतो. आमच्या पंपाची नुसती लाळ गळत होती.

नवा पंप मीं बाजारांतून आणला. दिसण्यांत तो जुन्यासारखाच होता. मिस्त्रींनीं दोन्ही पंप शेजारीं ठेवले आणि तरफेची लांबी ताडून पाहिली. नव्याची तरफ किंचित् लांब निघाली. "हा बसेल," ते म्हणाले, "पण चार दिवसांनीं तरफ मोडेल." तो परत करून मीं दुसरा आणला.

बदलण्याची रीत थोडक्यांत सांगतों. इंजिन पूर्ण थंड असावें, बॅटरीची तार काढावी, आणि जवळपास विडी-काडी किंवा पेटता दिवा नसावा. टाकीकडील नळी काढतांच तिचें तोंड बुच मारून बंद करावें. कोणती नळी कोठें होती, याची खूण आधींच करावी. मग पंपाचे नट काढावे. पंप व इंजिन यांच्यामध्यें उष्णता अडविणारा एक जाड ठोकळा असतो व त्याच्या दोन्ही अंगांस पातळ पॅकिंग असतें. हा ठोकळा फेंकून देऊं नये आणि त्याच्या जागीं भलताच घालूं नये. त्याच्या जाडीवर तरफ किती हलेल हें ठरतें. तो पातळ झाला तर तरफेवर जादा जोर येतो आणि जाड झाला तर पंप कमी ओढतो. जुनें पॅकिंग खरवडून नवें घालावें. इंजिन हातानें थोडें फिरवून उंचवटा तरफेपासून दूर न्यावा, म्हणजे पंप जोर न करितां बसतो. नट एकदां या बाजूचा व एकदां त्या बाजूचा असे थोडेथोडे आवळावे. रबरी नळ्या व क्लिपा नव्याच घालाव्या. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पेट्रोल मिसळलेलें तेल काढून नवें तेल भरल्याशिवाय इंजिन सुरू करूं नये. सुरू झाल्यावर दहा मिनिटें विजेरी घेऊन प्रत्येक जोड न्याहाळावा.

पडदा फाटला कां? वय हें एक कारण. दुसरें कारण आजच्या पेट्रोलांत आहे. आपल्या देशांत पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२२ मध्यें शेंकडा दहापर्यंत व २०२५ मध्यें शेंकडा वीसपर्यंत गेलें. इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें आणि ज्या रबराची घडण त्यासाठीं झालेली नाहीं तें फुगवितें व कमकुवत करितें. माझी गाडी बनली तेव्हां हें पेट्रोल कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें. त्यांत दोष गाडी बनविणाऱ्यांचा नाहीं. मात्र आज पडदा व नळ्या घेतांना त्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या आहेत काय, हें विचारून घेणें मालकाच्या हातीं आहे.

एका स्नेह्यांनीं सुचविलें कीं विजेवर चालणारा पंपच बसवावा. तो बसवितां येतो. पण त्याचा दाब जुन्या कार्बुरेटरला झेपेल एवढाच हवा. माझ्या गाडीसारख्यांना चौरस इंचास तीन-चार पौंडांहून अधिक दाब दिला कीं सुई दाद देत नाहीं आणि पेट्रोल उतूं जातें. शिवाय इंजिन थांबलें कीं जुना पंप आपोआप थांबतो. विजेचा पंप मात्र वेगळी सोय न केल्यास अपघातानंतरहि पेट्रोल ओतीत राहील. म्हणून मीं जुनीच पद्धति ठेविली.

श्रोतेहो, नव्या पंपानें गाडी तोच घाट न थांबतां चढली. तें फडकें मीं टाकून दिलें. जुन्या वस्तूवर प्रेम करणारा मनुष्य तिच्या खोडी कौतुकानें सांगूं लागतो, आणि मग तिची तक्रारहि त्याला खोडच वाटते. माझें तसेंच झालें. पंपानें वास दिला, आंचके दिले, तेलाची पातळी वाढवून दाखविली. घरांतील एका व्यक्तीनें तीन आठवडे तोंडानें सांगितलें. ऐकावयाचा राहिलों होतों तो मी एकटा.

आतां महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी तेलाची पट्टी काढतों, हुंगतों आणि पत्नीच्या हातांत देतों. तिनें मान हलविली तरच गाडी बाहेर निघते. आपल्यापैकीं ज्यांच्या दारीं अशी जुनी मोटार उभी असेल, त्यांनीं उद्यां सकाळीं तिचें झांकण एकदां उघडून पाहावें, एवढीच विनंति करितों.