ठकीचे मोल



सुवर्णमहोत्सवी वर्षात गंभीर विषयांवर पुष्कळ बोलून झाले. आज आम्ही जुन्या बाहुल्यांविषयी बोलणार आहोत. विषय पोरकट वाटल्यास घरी जाऊन माळा उघडून पाहावा, एवढीच विनंती.

दिल्लीकरास बाहुल्यांचा संग्रह म्हटले की बहादूरशहा जफर मार्गावरील नेहरू हाऊस आठवते. व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळै यांच्या बालस्पर्धेसाठी हंगेरीकडून बक्षीस म्हणून एक बाहुली आली. तिने त्यांना असे वेड लावले की, पंतप्रधानांसमवेत परदेशी जाताना ते देशोदेशींच्या बाहुल्या आणू लागले. १९६५ साली त्यांचे संग्रहालय उभे राहिले. जपानी योद्ध्यापासून केरळच्या कथकली नर्तकापर्यंत वेषभूषेचा असा कोश अन्यत्र क्वचितच आढळेल. परंतु ह्या बाहुल्या बहुतांशी राजदूतांसारख्या आलेल्या. त्यांच्याशी कुणी खेळलेले नाही.

युरोपातील जुन्या बाहुल्यांच्या बाजारातही हाच न्याय. एकोणिसाव्या शतकात जर्मनी व फ्रान्समध्ये चिनी मातीच्या मुखाच्या बाहुल्या घडविल्या गेल्या. आज त्या विकत घेणारा प्रथम मानेमागील कारखान्याची खूण पाहतो, मग मुखावर केसाएवढा तडा आहे काय ते पाहतो. मूळ कपडे आणि मूळ खोके असेल तर किंमत चढते. म्हणजे जिला मुलीने हातही लावला नाही, तिला भाव अधिक! हा हिशेब आम्हांस उफराटा वाटतो.

आपल्या घरची ठकी घ्या. सावंतवाडीच्या चितारआळीतून अशी लाकडी खेळणी घरोघर गेली. ठकीचे हात अंगाशीच कोरलेले, डोळे ठसठशीत. ती भातुकलीत जेवली, न्हाली, तिची लग्ने लागली. नाक झिजून सपाट झाले, कपाळीचे कुंकू नखाने खरवडून पुन्हा लावले गेले. संग्राहक ह्याला दोष म्हणेल. घरच्या माणसाला तोच मजकूर वाचता येतो. चिंध्यांच्या बाहुलीचे तर विचारूच नका. पणजीच्या नऊवारीचा उरलेला एकमेव तुकडा कित्येकदा तिच्याच अंगावर असतो.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासी' यांनी, दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयास नाव दिले ते बालपणीच गेलेल्या राजा ह्या पुत्राचे. ते अडकित्ते पाहताना दारावरचे नाव विसरता येत नाही.

दिल्लीतील आमच्यासारख्या नोकरदारांची मात्र अडचण आहे. बदली आली की पहिली कुऱ्हाड माळ्यावरच्या पेटीवर पडते. २०१६ साली सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर आदी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी मिळाली आणि किती तरी माळे रिकामे झाले. नोएडा-गुरुग्रामच्या सदनिकांत माळाच नाही. पितळेची भांडी तोलून गेली. लाकडी ठकीला भंगारवाला काय देणार? १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरण्यास साधारणतः शंभर वर्षांचे वय लागते. एखादी ठकी ते गाठीलही, पण तिच्याशी कोण खेळले हे सांगणारे माणूस तोवर राहत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास मंडळाच्या सभागृहात घरोघरच्या जुन्या बाहुल्या मांडाव्यात. विक्री नको, स्पर्धा तर मुळीच नको. प्रत्येकीपुढे एक चिठ्ठी असावी: बाहुलीचे नाव काय, कुणी कुणाला दिली, कोणत्या गावाहून दिल्लीस आली. आणताना कृपया नवा रंग देऊ नये, ओल्या फडक्याने पुसू नये, जुने लुगडे उसवून जरीचे नेसवू नये. मऊ सुती कापडात गुंडाळून आणावी. नाव आठवत नसेल तर नागपूरच्या वा कुडाळच्या आत्याबाईंना दूरध्वनी करावा, आणि तो आजच करावा. बहुधा त्यांना बाहुलीचेच नव्हे, तर तिच्या लग्नात रुसलेल्या विहीणबाईंचेही नाव आठवत असेल.