हातच्या ठशाचें धीराचें पत्र
(महोत्सवाच्या सभेंतील भाषण)



या मंगल प्रसंगीं येथें जमलेल्यांस पाहून आम्हांस हर्ष होतो. परंतु जे येऊं शकले नाहींत त्यांचीही आठवण मनांत येते. कोणी अंथरुणास खिळलेले आहेत, कोणी चाकरीसाठीं पुण्यामुंबईस एकटे राहतात, कोणी परीक्षेंत अपयश आल्यामुळें घरांत तोंड लपवून बसले आहेत. अशांना धीर देणारें एक पत्र आपल्या हातानें कसें करावें, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

तो जुन्नरांत मांडणें उचितच आहे. पेशवाईच्या काळीं दप्तरांत जुन्नरी कागदाला मान होता. कागदी लोक तागाचीं जुनीं पोतीं व रद्दी भिजवून कुटीत, लगदा धुऊन साच्यावर उचलीत, ताव भिंतीवर वाळवीत आणि खळ लावून घोटीत. खळीमुळें शाई फुटत नसे व बोरू सुरळीत चाले. गिरणीच्या स्वस्त कागदापुढें तो धंदा बसला. तथापि १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था निघाली, आणि हातकागद आजही मिळतो.

छापील शुभेच्छापत्राचा जन्म निराळ्या गरजेंतून झाला. १८४३ सालीं लंडनच्या हेन्री कोल यांना सर्व स्नेह्यांस नाताळचीं पत्रें स्वहस्तें लिहिण्यास सवड नव्हती. म्हणून त्यांनीं चित्रकार हॉर्सली यांजकडून चित्र काढवून तें छापून घेतलें. आतां तर मोबाईलवर एका बोटानें शंभर जणांस एकच चित्र धाडतां येतें. त्यांत दोष नाहीं. पण शंभरांस धाडलेलें चित्र दुःखितास “हें माझ्यासाठींच” असें सांगूं शकत नाहीं.

कृति सोपी आहे. जाड कागदाची घडी घालावी. भेंडी आडवी कापली कीं बहुधा पांच कोनांचा तारा मिळतो. बटाटा अर्धा कापून त्यावर क्रूस किंवा पान कोरावें. अक्षर कोरणें झाल्यास उलटें कोरावें, म्हणजे सुलटें उमटतें. कापलेला भाग फडक्यानें टिपावा, नाहीं तर रसानें रंग पातळ होतो. रंग घट्ट कालवून कपड्याच्या घडीवर पसरावा. ठसा त्यावर टेकून कागदावर सरळ दाबावा व सरळच उचलावा, सरकवूं नये. वाळल्यावरच लिहावें. घरांतील लहानग्याकडून एक तरी ठसा उमटवून घ्यावा. आजोबांस तो वांकडा ठसाच अधिक गोड वाटेल.

आतां मजकूर. येथें फार जपावें. “तूं लवकर बरा होशील” असें वचन देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तें देवाच्या हातीं आहे. “ही देवाचीच इच्छा” असेंही दुखणाइतास घाईनें सांगूं नये. जें आपण खरोखर देऊं शकतों तेंच लिहावें: मिस्सेंत तुमचें नांव घेतों, रविवारीं भेटीस येतों, तुमच्या शेताला पाणी आम्ही देऊं. संत पौलानें बंदिवासांतून फिलिप्पैकरांस धीराचें पत्र लिहिलें; गलतीकरांच्या पत्राच्या शेवटीं तर आपण मोठ्या अक्षरांनीं स्वहस्तें लिहीत आहों, हें त्यानें मुद्दाम कळविलें. प्रेषितालाही आपल्या हाताची खूण मोलाची वाटली.

म्हणून आमची विनंति एवढीच, कीं महोत्सवाच्या या वर्षीं प्रत्येक घरानें असें एक तरी पत्र करावें. जवळ असेल तेथें तें स्वतः नेऊन द्यावें, दूर असेल तेथें टपालानें धाडावें. आणि त्यांत जें लिहिलें तें पाळावें. रविवारीं येतों म्हटलें आणि गेलों नाहीं, तर कागदावर उरेल तो नुसता रंग.

प्रभु तुमच्या हातांच्या कामास आशीर्वाद देवो.