घरची शाळा, तीन मुलं



शाळेवर राग म्हणून मी मुलांना घरी शिकवत नाही, हे आधी बाईंना सांगते. वर्ग सांभाळणं म्हणजे काय, ते मला आता कळतं.

माझी मुलं तेरा, दहा आणि सात वर्षांची. तिघांचे तीन अभ्यासक्रम घेतले तर दिवस पुरत नाही. म्हणून गणित आणि भाषा ज्याच्या त्याच्या इयत्तेच्या बालभारतीच्या पुस्तकांतून. इतिहास, भूगोल, विज्ञान मात्र एकत्र. एकाच धड्यावर धाकटी चित्र काढते, मधला टिपण लिहितो, थोरली दोघांना समजावते. पोळ्या लाटणं, कपड्यांच्या घड्या हेही वेळापत्रकातच. दुपारी दोन ते तीन कुणी कुणाला हाक मारायची नाही. तो तास माझा. संध्याकाळचं गणित यांच्याकडे.

दहावी एनआयओएसमधून. तिथे किमान वय 14, विषय पाच, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा. पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय देता येतो.

पण तुम्हाला पाहून एक प्रश्न पडलाय. तीस वर्षांनी माझी मुलं कुणाच्या मेळाव्याला जातील? त्यांना अशी सोबत मिळावी म्हणून रोजचं मैदान आम्ही अभ्यासासाठीसुद्धा बुडवत नाही.